मंगलीच्या सासूची खाट

चंद्रपूरच्या विज्ञान केंद्रात संघप्रिया खोब्रागडे भूकंप दाखवायची. मोटारीवर हलणारा लाकडी चौथरा होता. त्यावर मुलांना उभं करायचं, बटण दाबायचं आणि पाय लटपटायला लागले की ओरडायचं, "टेबलाखाली! डोकं झाका!" मुलं खिदळत टेबलाखाली घुसायची. अकरा वर्षं ती हेच करत होती आणि या कामावर तिचा जीव होता.

केंद्राची गाडी एकदा चौथरा घेऊन सिरोंचाकडच्या एका आश्रमशाळेत गेली. खेळ संपल्यावर तिथली स्वयंपाकीण मंगली पिठाचे हात तसेच घेऊन पुढे आली.

"बाई, आमच्या घरी टेबल नाई. आमी कुठी बसाचं?"

सामान चढवून झालं होतं, ड्रायव्हर घाई करत होता. घर कसलं, भिंती कशाच्या, संघप्रियानं काहीच विचारलं नाही.

"खाट आहे नं? मंग खाटेखाली जाचं," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

पुढच्या फेब्रुवारीत एका दुपारी जमीन खरोखरच हलली. चंद्रपुरात पंखे झुलले, काचा वाजल्या. केंद्रात आलेली शाळेची मुलं न सांगता टेबलांखाली गेली. संघप्रियाचा ऊर भरून आला. दोन दिवस ती जो भेटेल त्याला तेच सांगत होती.

तिसऱ्या दिवशी आश्रमशाळेचे मुख्याध्यापक वामनराव यांचा फोन आला. मंगलीची सासू गेली होती. गावात तेवढी एकच.

संघप्रिया रजा टाकून एसटीनं निघाली. मंगलीच्या घराची एक भिंत अख्खी आत पडली होती. हातभर जाड मातीची भिंत, वरून कौलं आणि सागाची मयाल, म्हणजे छपराची जड तुळई. खाटेचे चारही पाय मोडले होते. दार तिथून चार पावलांवर होतं.

मंगली अंगणात बसली होती. तिनं संघप्रियाला बसायला पाट दिला.

"तुमी सांगतलं ते मीच घरी सांगतलं होतं," ती म्हणाली. "सगळे बाहेर पयाले. बुढी म्हणे, बाईनं खाटेखाली सांगतलं आहे. गेली घुसून." तिनं मान वर केली. "खरं सांगा बाई. पयाली असती तं वाचली असती काय?"

संघप्रियाच्या ओठांवर आलं होतं की कोणाच्या हातात काय असतं. तिनं ते गिळलं.

"हो," ती म्हणाली. "मातीच्या घरातून बाहेरच निघाचं असते. मी चुकीचं सांगतलं."

मंगली रडली नाही. उठून पदर झटकला. "मंग हे गावाले सांगा. माह्या तोंडून नाई निघत."

त्याच संध्याकाळी चिंचेखाली वीसेक माणसं जमली. संघप्रियानं आधी स्वतःची चूक सांगितली, मग अंगणात कसं निघायचं, भिंतीपासून किती दूर उभं राहायचं ते. मंगलीचा नवरा लालसू मधूनच उठून गेला. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. कोणी शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

केंद्रात परतून तिनं झालेलं सगळं लिहून दिलं. साहेबांनी कागद वाचून परत केला. "आपल्या सूचनांच्या फलकावर खाट लिहिलेली नाही. तुम्ही कशाला अंगावर घेता?"

फलकावर खाट नव्हती हे खरं होतं. मातीचं घरही नव्हतं. तिनं स्वतः माती कालवून, भाताचा पेंढा घालून गुडघाभर उंचीची भिंत उभी केली आणि चौथऱ्यावर ठेवली. बटण दाबलं की भिंत सहा-सात सेकंदांत बसते. मुलं टाळ्या पिटतात. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबते, मग प्रत्येकाला विचारते, "तुझं घर कशाचं आहे?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत ती पुढचं सांगत नाही.

गाडी वर्षातून एकदा त्या आश्रमशाळेत जाते. मंगली सगळ्यांना जेवायला वाढते, संघप्रियालाही. बोलत मात्र नाही.