पेठे बाईंचा रिसेप्टर

माझ्या लग्नाला अकरा दिवस उरलेले असताना मी दम्याच्या गोळ्या एका सकाळी, कुणालाही न विचारता, बंद केल्या. सात महिने रोज घेत होतो. स्टेरॉइडच्या होत्या. दमा आटोक्यात आलेला, पण चेहरा असा फुगलेला की दाढी करताना दुसऱ्याच कुणाची तरी करतोय असं वाटायचं. आणि मुलीकडच्यांनी पसंत केलेला फोटो त्याआधीचा!

बरं, हे मी अडाणीपणाने केलं नाही. शास्त्र ऐकून केलं. ते शास्त्र आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पेठे बाईंचं.

बाई कल्याणच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या. एकट्याच राहायच्या. पर्समध्ये खडूचे तुकडे असायचे, आणि समजावण्याची हुक्की आली की उभ्या असतील तिथली भिंत त्यांची. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी. जिन्याला कमरेइतका तपकिरी ऑइलपेंट मी सभेत भांडून लावून घेतलेला. बाईंना तो फळाच वाटला. मी ओल्या फडक्याने पुसायचो, दुसऱ्या दिवशी तिथे नवी पेशी.

"अहो बाई, भिंत खराब होते!"

"भिंत पुसता तरी येते रे. तुझ्या डोक्यात पुसण्यासारखंही काही लिहिलेलं नाही."

एका संध्याकाळी त्यांनी मला जिन्यातच गाठलं. "तोंड का सुजलं, ठाऊक आहे?" नको म्हणायच्या आत वर्तुळ काढून झालं.

"ही पेशी. तुझी गोळी म्हणजे शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाची नक्कल. ती भिंतीतून सरळ आत शिरते. आत हा बसलाय तिचा निरोप घेणारा, ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर. नीट बघ, हा दारावरच्या बेलसारखा बाहेर नसतो. आतच, पुढच्या खोलीत, दोन-चार प्रथिनांनी धरून बसवलेला. गोळी येऊन चिकटली की ही प्रथिनं त्याला सोडतात. मग हा उठतो, केंद्रकात जातो आणि जनुकांवर ठरलेल्या जागी बसतो. काही जनुकं चालू करतो, काही बंद. सूज आणणारी बंद केली, म्हणून तुला श्वास घेता येतोय. यकृतात साखर बनवणारी चालू केली. तिकडे स्नायू झिजतात, चरबी तोंडावर येते."

"सगळीकडे हा एकच?"

"एकच. पण प्रत्येक अवयवात वेगळी जनुकं उघडी असतात, म्हणून काम वेगळं. आता मुख्य गोष्ट ऐक..."

तेवढ्यात खालून आरोळी आली, "सेक्रेटरी, पाणी आलं!" पंपाची किल्ली माझ्याकडे. मी धावलो. वरून बाई ओरडतायत, "अरे थांब, अर्धंच झालंय!"

पंप लावता लावता मी निष्कर्ष काढला. गोळीच नाही, तर रिसेप्टर उठणार नाही. तो उठला नाही, तर तोंडावरची सूज उतरणार. अकरा दिवस म्हणजे भरपूर!

तिसऱ्या दिवशी पायातलं बळ गेलं. चौथ्या दिवशी उलट्या. मला वाटलं, लग्नाची धाकधूक. पाचव्या दिवशी बाईंना पत्रिका द्यायला म्हणून वर गेलो आणि त्यांच्या दारातच पाय दुमडले.

"किती घेतलीस आज?" बाईंनी विचारलं.

"बंद केल्यात. तोंडासाठी."

बाई रागावल्या नाहीत. तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. रिक्षात त्या माझं मनगट धरून बसलेल्या. हॉस्पिटलात डॉक्टर जवळ यायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, "सात महिने स्टेरॉइड, पाच दिवसांपूर्वी एकदम बंद." रक्तदाब तळाला गेलेला. इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं.

संध्याकाळी मी डोळे उघडे ठेवू शकतोय असं दिसल्यावर मात्र त्यांनी मला धारेवर धरलं.

"गेल्या उन्हाळ्यात काय केलंस, आठवतंय? दोन महिने टँकरचं पाणी घेतलं, पंप कुणी चालवला नाही. नळाला पाणी आल्याबरोबर तू टँकरवाल्याला म्हणालास, उद्यापासून येऊ नको. आणि पंप?"

"गंजलेला," मी म्हणालो.

"दोन दिवस मी तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवल्यात! तुझी गोळी म्हणजे टँकर. हाच रिसेप्टर मेंदूतही असतो. तिथे तो सांगतो, भरपूर आहे, बनवू नका. मग कॉर्टिसॉल बनवणारी मूत्रपिंडावरची ग्रंथी त्या पंपासारखीच गंजून बसते. टँकर हळूहळू कमी करायचा असतो, म्हणजे पंप परत सुरू होतो. हेच सांगत होते, तर तू पळालास! तास अर्धा टाकून पळणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली. अर्ध्या तासावर स्वतःचा जीव लावणारा तू पहिला!" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला, आणि त्याचाही त्यांना राग आला.

लग्न त्याच गोल चेहऱ्याने झालं. आहेर म्हणून बाईंनी एक वही दिली. डॉक्टरांना विचारून त्यात लिहिलेलं, कुठल्या दिवशी किती गोळी, कमी कमी होत गेलेली. पुढचे कित्येक महिने रोज सकाळी जिन्यातून हाक यायची, "किती घेतलीस?" हा प्रश्न इतका छळायचा की तो चुकवायला मी दूध आणायची वेळ बदललेली. बाईंनीही त्यांची बदलली.

निवृत्तीनंतर त्या ठाण्याला भाच्याकडे राहायला गेल्या. काही वर्षांनी भाच्याचा फोन आला. "मावशीला सांध्यांसाठी तुम्हाला होत्या त्याच गोळ्या चालू आहेत. बंद करते म्हणून हटून बसलीय. तुम्ही बघा."

मी गेलो. बाईंचं तोंड सुजलेलं, माझं होतं तसंच. "वैतागलेय मी," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या पर्समधला खडू घेतला आणि लाकडी कपाटाच्या दारावर वर्तुळ काढलं. गोळी, रिसेप्टर, जनुकं, टँकर, गंजलेला पंप, सगळं सांगितलं. या वेळी अर्ध्यावर सोडलं नाही. बाई चष्मा लावून शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग "बरं, घेते," म्हणाल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या, दुसऱ्याच आजाराने. गोळी मात्र शेवटपर्यंत चुकवली नाही, असं भाचा म्हणाला.

त्या दिवशी मी निघताना त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि माझ्या चित्रावर ठसठशीत फुली मारली.

"रिसेप्टर बाहेरच्या भिंतीवर काढलायस. मरता मरता वाचलास, तरी नापासच."