घरपोच नको म्हणणारा हात

मी जव्हारला सरकारी कचेरीत कारकून. आई मोखाड्याच्या पुढे, डोंगरावरच्या आमच्या पाड्यावर एकटी राहते, आणि जव्हारला ये म्हटलं की तिला नेमक्या कोंबड्या आठवतात. तिला फिट येतात. गोळ्या चुकवून चालत नाही आणि त्या तिकडे मिळत नाहीत. दर महिन्याला मला जाणं जमत नाही, म्हणून पोस्टाने पाठवते. पाड्यावर रेंज नाही. पार्सल टाकलं की ते पोचलं का, या विचाराने माझी झोप उडते. मन चिंती ते वैरी न चिंती.

आमच्याकडे पोस्टमन डोंगर चढत नाही. खरं तर आम्हीच त्याला चढू देत नाही. मोखाड्याच्या बाजारात तो सुक्या बोंबलांच्या दुकानाशेजारी उभा राहतो आणि ज्या पाड्याचं माणूस दिसेल, त्याच्या पिशवीत त्या पाड्याची डाक टाकतो. गेल्या पावसाळ्यात आईच्या गोळ्या अशाच शेजारच्या काकांच्या पिशवीत गेल्या, आणि काका बाजारातून परस्पर लेकीकडे मुक्कामाला. इकडे आई पाणवठ्यावर पडली, कपाळाला खोक पडली. काकांना कुणी एक शब्द बोललं नाही. आईने तर त्यांना चहा पाजला! माझा नुसता जळफळाट झाला.

म्हणून पोस्टाचे साहेब गावात विचारायला येणार असं कळलं, तशी मी रजा टाकून गेले. शाळेच्या ओट्यावर सभा बसली. साहेब म्हणाले, सगळ्याच सेवा सगळीकडे देता येणार नाहीत. हमखास कुठल्या हव्यात ते गावानेच सांगावं. मी उठले. "घरपोच टपाल. औषधं तरी दारात मिळायला हवीत."

साहेबांनी विचारलं, "बाजारात मिळतं तेवढं कुणाकुणाला पुरे आहे?"

पहिला हात आईचा वर गेला. मागोमाग सगळ्यांचे.

मी तिचा हात खाली ओढला. "आई, गोळ्या तुझ्या आहेत!"

"पोस्टमन आता म्हातारा झाला गं बाय. चढताना त्यालाच काय झालं तं?" ती म्हणाली. "आन् आपलं मानूस आनतं ना?"

मला राग आला, आणि रागाहून भीती जास्त वाटली. साहेबांनी कागदावर खूण केली आणि पुढचा विषय घेतला. दुपारच्या जीपने मी परतले. सोमवारी जव्हारच्या पोस्टात खिडकीतून आईचं पार्सल आत दिलं. तिथल्या बाईंनी वजन करून शिक्का मारला. पुढे ते कुणाच्या पिशवीत पडणार, हे मला कुणीच सांगू शकत नव्हतं.