ड्रममधले पाहुणे

उंद्रीच्या आमच्या वावरात पिकाला द्यायच्या जीवामृताचे दोन ड्रम आहेत. एक माझा, एक बायकोचा. शेण, गोमूत्र, बांधावरची मूठभर माती आणि पाणी दोन्हींत सारखंच. फरक पडतो तो गुळाचा आणि बेसनाचा. हे जिवाणूंचं खाणं. ते भरपूर मिळालं की जिवाणू भराभर वाढतात, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण चांगला गूळ शेणात कालवायला माझा जीव होईना. मी लिंबाएवढा खडा टाकला, बेसन चिमूटभर. बायकोनं अर्धी ढेप फोडली आणि वर परातभर बेसन ओतलं.

"किती घालून राह्यली वं?" मी ओरडलो.

"खाणारे दारी आले तं हात आखडता घेऊ नाई," ती म्हणाली. जसे काही ड्रममध्ये तिचे भाऊच उतरले होते!

उन्हाळा तापलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा ड्रम असा फसफसला की फेस ओसंडून माझ्या नव्या चपलांपर्यंत पोचला. माझा ड्रम मात्र मुका.

"तुमचे काऊन गप हायेत?" तिनं विचारलं, आणि स्वतःच सांगितलं, "उपाशी हायेत बिचारे."

मग चिडून मी तिला जिवाणूंवर लांबलचक भाषण दिलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

दुपारी ताटात अर्धीच भाकर आली, आणि वरणात डाळ शोधावी लागली.

"हे काय वं?"

"खाणं कमी केलं का आवाज बंद होते," ती म्हणाली. "तुमच्याच ड्रमात पाह्यलं."