पाच वाजताची धून

वेस्ट विंडसरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये एक जपानी आजी रोज संध्याकाळी पाचला बाल्कनीत उभ्या राहून माउथ ऑर्गन वाजवतात. धून एकच, मान ताठ. जपानमधल्या त्यांच्या गावात ही धून रोज पाचला गावच्या भोंग्यावरून वाजायची आणि मुलं खेळ सोडून घरी पळायची. पुढे सरकारनं आसपासची गावं एका शहरात विलीन केली. गावाचं नाव गेलं, भोंग्यावर शहराची धून आली.

परवा पाचला मी आजींकडे असताना अपार्टमेंटच्या मॅनेजरबाई सांगायला आल्या, "कम्प्लेंट आलीय, हे बंद करा." मी तावातावानं पुढे झाले. आजींनी हातानंच मला थांबवलं.

"एकदा गप्प केलंय आम्हाला," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा नाही."

मग खाली मैदानात जाऊन त्यांनी ती धून वाजवली. "आजी, वन मोअर टर्न, प्लीज," घसरगुंडीवरून मुलं ओरडली, पण घराकडे निघाली. वरून एक मराठी काकू म्हणाल्या, "उद्यापण वाजवा हं आजी, आमचं कुठे ऐकतात ही."

मॅनेजरबाईही मागोमाग खाली आल्या होत्या. आजींनी त्यांना आपल्या गावाचं जुनं नाव सांगितलं आणि उच्चार नीट जमेपर्यंत त्यांच्याकडून म्हणवून घेतलं.