भुसा भरलेल्या बैलाचा फोटो

“आधी तो बैल खाली उतरवा! आत्ताच्या आत्ता!”

धाराशिवातले लहान मुलांचे डॉक्टर एवढ्या जोरात ओरडले, की खाली रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांनी ब्रेक दाबले असतील. तपासायच्या टेबलावर माझी पाच वर्षांची ओवी झोपलेली आणि तिच्या पोटावर ढवळ्या बसलेला. ढवळ्या म्हणजे कापडी बैल. माझ्या आईनं जुन्या चादरीतून शिवलेला, आत कडब्याचा भुसा. तीन वर्षं पोरीनं त्याला एवढं खरकटं भरवलं होतं, की त्याच्या पाठीवर हरभरा पेरला असता तर एकरी उतारा मिळाला असता.

मग आवाज उतरवून त्यांनी आजार सांगितला. नेफ्रॉटिक सिंड्रोम. म्हणजे मूत्रपिंडाची चाळण सैल होते, अंगातलं प्रोटीन लघवीवाटे निघून जातं आणि सूज चढते.

ती सूज आम्ही आठ दिवस बघत होतो. सकाळी उठली की डोळे फुगलेले. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, शेजारी म्हणाले चिलट चावलं, मी म्हणालो झोप जास्त झाली. तुमच्या लेकराचं असं होत असेल तर चिलटाला शिव्या देत बसू नका. लघवी तपासा.

लघवी, रक्त, सोनोग्राफी. सोनोग्राफीच्या रांगेत माझी दाढी वाढली, पिकली आणि गळायला लागली, तरी नंबर येईना. बायको म्हणाली, “अहो, दोनच तास झालेत.” तिला हिशोबच कळत नाही.

औषध स्टिरॉइड. त्यानं सूज उतरते, पण अंगाची प्रतिकारशक्ती कमी होते. साधी सर्दी झाली तरी आजार उलटतो. डॉक्टर म्हणाले, “धुता येणारी खेळणी धुवा. हा बैल धुता येणार नाही, आत बुरशी आहे. घरात ठेवू नका.”

सांगायला सोपं! गोळी कडूजहर. आधी ढवळ्याच्या तोंडाला लावायची, त्यानं मान हलवली की मगच ओवी गिळायची. पोर दवाखान्यात भरती होती, ते पाचही दिवस डॉक्टरांची पाठ वळली की तेच चाललं होतं.

तेरला घरी आल्यावर बायकोनं तोड काढली. “सगळ्या खेळण्यांचे फोटो काढून ठेवू. पोर मोठी झाली की बघेल. तेवढीच आठवण.”

ओवीनं अट घातली. एकट्या ढवळ्याचा नाही, सगळ्यांचा, नाहीतर बाकीचे रुसतील. मी पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करणारा माणूस, वाघासारख्या मोटारी सरळ करतो, पण तो बैल काही उभा राहीना. एका डोळ्याची बाहुली, चाकं नसलेली जीप, भातुकलीची पन्नास भांडी. प्रत्येकाला वेगळा फोटो. एकविसाव्या फोटोला मोबाईल म्हणाला, जागा संपली. भावानं पाठवलेली गुलाबाची फुलं भरलेली, रोजचं सुप्रभात. मी ती बघत बसलो तर बायको कडाडली, “पोरीपेक्षा गुलाब जास्त झाले का? काढा की ते!”

दुसऱ्या दिवशी मी ढवळ्याला पोत्यात घालून शेतात पुरलं आणि ओवीला सांगितलं, तो तामलवाडीला आत्याकडं गेलाय, तिथं चारा लई हाय.

तिनं तोंड मिटलं. सकाळची गोळी थुंकली. दुपारी पुन्हा दिली, पुन्हा थुंकली. गुळात दिली, गूळ खाल्ला, गोळी थुंकली. रोज सकाळी लघवीत तपासणीची पट्टी बुडवायची, हिरवी झाली म्हणजे प्रोटीन अजून जातंय. तिसऱ्या दिवशी ती बाभळीच्या पाल्यासारखी हिरवीगार झाली. मी डॉक्टरांवर चिडलो, बैलावर चिडलो, तो शिवणाऱ्या आईवर चिडलो. आई म्हणाली, “माझ्यावर ओरडून पोरीची सूज उतरतीय का?”

आज पट्टी पिवळी येते, पोर शाळेत जाते, त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही मानतो. पण त्या तीन दिवसांत मी धाराशिव जिल्ह्यातल्या सगळ्या देवांशी भांडून घेतलं होतं.

शेवटी एस.टी. पकडली, धाराशिवात ढवळ्याचा फोटो हातभर मोठा करून घेतला आणि फ्रेमवाल्याकडं दिला. आमच्याकडं फ्रेम दोघांचीच होते, देवाची नाहीतर वारलेल्या माणसाची. त्यानं कापडी बैलाला देवांत बसवलं नाही. काम झाल्यावर कागदात बांधून दिलं, मी न बघताच पळालो.

घरी ओवीसमोर कागद फाडला. काचेवर ढवळ्याला चंदनाचा हार.

बायकोनं कपाळाला हात लावला. मी हार ओढून काढला, मण्यांचा सडा पडला. म्हणालो, “अगं, दुकानदार येडा हाय! ढवळ्या मजेत हाय तामलवाडीला. इथनं बघतोय बघ तुझ्याकडं. घे गोळी.”

ओवीनं फोटो बघितला. गोळी स्वतः उचलली, तोंडात टाकली, पाणी प्याली.

“आजोबा मेले तवाबी तुम्ही तामलवाडीच सांगितली होती,” ती म्हणाली.