मारत तं नाही ना?

माझ्या नवऱ्याने माझ्यावर कधी हात उगारला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कित्येक वर्षं ज्याने-त्याने मला आधी तेच विचारलं, आणि माझं उत्तर ऐकून प्रत्येकाचा जीव भांड्यात पडला.

आणीबाणीच्या वर्षात माझं लग्न झालं. माहेर मोहाडीकडचं, विणकरांचं. घरात दोन माग होते. वडील आणि काका मागावर बसायचे, आम्ही बायका चरख्यावर सुताच्या कांड्या भरायचो. मी मॅट्रिक झालेली, म्हणून कारकून बाबूचं स्थळ आलं. तो चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत हजेरी लिहायचा. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज कधी चढलेला नाही. मांडवातच माझी आत्या म्हणाली, "पोरीनं पुण्य केलं होतं वो मागच्या जन्मी."

राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. एका रांगेत अशी दहा-बारा घरं, गल्लीच्या तोंडाशी नळ, मागच्या बाजूला प्रत्येकाचं छोटंसं आंगण आणि मधे बेशरमच्या झुडपाच्या काड्यांचं कुंपण. वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत काळी धूळ बसायची.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी नळावर कशाला तरी मोठ्याने हसले. तो तेव्हाच ड्यूटीवरून परतत होता. त्या संध्याकाळी तो माझ्याशी बोलला नाही. वाढलेलं जेवला, पाणी स्वतः उठून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच.

"अजी, काही चुकलं का माह्यं?" मी विचारलं.

तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. महिना सरत आला तरी अबोला संपला नाही. मी रडले, पाया पडले, कशाची ते ठाऊक नसताना माफी मागितली. मग एके सकाळी शर्टाची बटणं लावता लावता म्हणाला, "आज अंबाडीची भाजी कर." जणू मधे काही झालंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की अंबाडी निवडताना डोळे वाहू लागले. त्या आनंदाची मला आजही चीड येते.

त्यानंतर मी नळावर हसायचं सोडलं. मग गर्दीच्या वेळी नळावर जायचंच सोडलं. 'हसू नको' असं तो कधीच म्हणाला नाही, म्हणायची गरजच पडली नाही. अबोल्याच्या दिवसांतही तो हक्काने जवळ यायचा, एक शब्द न बोलता. माझ्या नाही म्हणण्याला त्या घरात जागा नव्हती. संसारात असंच असतं, एवढंच मला ठाऊक होतं.

मग वस्तू हरवू लागल्या. आधी स्टोची पिन. पिनेशिवाय स्टो पेटेना, तो जेवायला आला तेव्हा मी कोनाडे चाचपत होते. मग सुई, माझा केसांचा आकडा, काड्यापेटी. एकदा पायातलं जोडवं आंघोळीला काढून ठेवलं, ते गेलं. मी घर उपसलं, राखेचा ढीग चाळणीने चाळला.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो अगदी मायेने विचारायचा. घरी कोणी आलं तर हसून सांगायचा, "आमच्या घरी जरा विसराळूच काम आहे." माझे वडील दिवाळीला न्यायला आले तेव्हा त्यांना म्हणाला, "एकटीले कुठी पाठवू नका, बाबा. रस्त्यातच हरवून जाईन." वडील हसले. मीही हसले. पुढे तो ड्यूटीवर जाताना बाहेरून कुलूप लावू लागला. म्हणे, मी दार उघडं टाकून निघून गेले तर? आणि मला ते पटलं. आपलं डोकं फिरत चाललंय याची मला खात्री होत गेली. भाजीत मीठ टाकलं की 'टाकलं, टाकलं' असं तोंडाने पुटपुटायचे, म्हणजे विसरायला नको.

शेजारच्या क्वार्टरमधली बाई माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठी होती. तिचा नवरा खाणीत खाली उतरायचा आणि पगाराच्या आठवड्यात पिऊन तिला मारायचा. भिंत एकच, सगळं ऐकू यायचं. सकाळी नळावरच्या बाया तिच्या आंगणात येऊन तिला हळद द्यायच्या, त्याला शिव्या घालायच्या. कुंपणापलीकडून माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तुह्यावाला तं देवमाणूस हाय बाई." मला खरंच वाटायचं, तिच्यापुढे आपण कशाचं रडतोय?

एके दुपारी मी न्हाणीत होते. न्हाणीचं दार पत्र्याचं, त्याला खिळ्याचं भोक पडलेलं. बाहेर पावलं वाजली म्हणून मी भोकाला डोळा लावला. तो सुट्टीवर होता, बाहेरच्या खोलीत झोपलाय असं मला वाटत होतं. तो स्वयंपाकाच्या जागी आला, कोनाड्यातली पिन उचलली, शर्टाच्या खिशात टाकली आणि शांतपणे परत जाऊन आडवा झाला.

अंगावर पाणी तसंच घेऊन मी उभी होते. संध्याकाळी तो म्हणाला, "स्टो नाही पेटवला? पिन हरवली असन पुन्हा." मी म्हटलं, "हो, हरवली." चूल पेटवून भाकरी केल्या. डोकं कितीतरी दिवसांनी साफ होतं.

दुसऱ्या दिवशी तो गेल्यावर मी त्याचा पत्र्याचा पेटारा उघडला. तळाशी, जुन्या बुटात, तंबाखूचा डबा होता. त्यात पिना, सुया, आकडे. आणि माझं जोडवं.

डबा घेऊन मी मागच्या आंगणात गेले आणि कुंपणापाशी शेजारणीला हाक मारली. ती धुणं टाकून आली. मी सगळं सांगितलं, अडखळत, मागचं पुढे करत. मला वाटलं, ही हसेल. मार खाणाऱ्या बाईला मी पिनेचं दुःख सांगत होते.

तिने डबा हातात घेऊन हलवला. मग म्हणाली, "म्हणजे तुले येडी करून राहिला तो."

"मी येडी नाही ना?"

"तू कायची येडी! येड्या बाईले डबा सापडते का?" तिच्या ओठाचा जुना व्रण ताणला गेला. "पाह्य, माह्यावाला मारते तं अख्ख्या लाइनीले दिसते. तुह्यं कोणालेच नाही दिसत. तू सांगशील तं तुलेच येडी म्हणतीन. हाही मारच होय, बाई. फक्त वळ नाही उठत."

त्या घरात आल्यापासून माझं कोणी खरं मानलं होतं ते पहिल्यांदा. मी तिथेच जमिनीवर बसले. ती कुंपणातून हात घालून माझ्या डोक्यावरून फिरवत राहिली.

"इथं राहायचं नाही मले," मी म्हटलं.

"मंग नको राहू. पण चोरासारखी जाऊ नको. गेली तं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जाय, नाही तं पळून गेली म्हणतीन."

काही दिवसांनी तो सकाळच्या पाळीला गेला, नेहमीसारखं कुलूप लावून. मी चार लुगडी आणि तो डबा गाठोड्यात बांधला. शेजारणीने कुंपण वाकवून धरलं. मी तिच्या आंगणातून, तिच्या घरातून, तिच्या पुढच्या दाराने बाहेर पडले. नळावर ऐन गर्दी होती. मी थांबले. जेवढ्या मोठ्याने जमलं तेवढ्या मोठ्याने म्हटलं, "मी माहेरी चालली. दाराले बाहेरून कुलूप हाय, पाहून घ्या. मी कोणासंगं पळाली नाही, कोण्या विहिरीत नाही पडली. वापस नाही येत मी."

एक म्हातारी म्हणाली, "अवं, काहून? तो तं मारत नाही!"

गाठोडं काखेला मारून मी चालू लागले. शेजारीण माझ्यासोबत बस थांब्यापर्यंत आली. मला जाऊ दिल्याबद्दल तिला घरी मार पडणार हे दोघींनाही ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, "तूही चाल." ती म्हणाली, "पोरं शाळेत हायेत. तू जाय पयले."

तुमसरला बस बदलून मी घरी पोचले. आई कांड्या भरत होती. मला एकटीला बघून तिने चरखा थांबवला. सगळं ऐकून तिने विचारलं, "मारत तं नाही ना?"

"नाही."

"मंग?" ती खरंच गोंधळली होती.

आठवड्याभरात तो दोन वडीलधारी माणसं घेऊन मला न्यायला आला. पांढरा शर्ट, हातात केळ्यांचा घड. ओसरीवर बसून हळू आवाजात म्हणाला, "तिची तब्येत बरी नाही. नागपूरले नेऊन डोक्याचा इलाज करतो. मी सांभाळून घेईन." सगळ्यांनी माना हलवल्या. वडील म्हणाले, "पोरी, सामान बांध."

मी डबा आणून त्यांच्यासमोर उपडा केला. पिना, सुया खळकन सांडल्या.

"हात नाही उगारला, बरोबर हाय," मी म्हटलं. "पण हे चोरून लपवून ठेवलं आणि मलेच येडी म्हटलं. महिना-महिना बोलले नाही. कोंडून ठेवलं. मी नाही जात."

त्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्या दोघांतला एक हसला. "पिनीसाठी संसार मोडते का कोणी?" बाकीचेही हसले. वडीलसुद्धा.

तेव्हा दाराच्या आडून आईचा आवाज आला. पाहुण्यांसमोर ती कधी बोलत नसे. "ती नाही जात म्हणते ना? मंग नाही जात."

"तू चूप राय, बिनडोक," वडील म्हणाले.

आई बाहेर आली. पदर डोक्यावर, नजर खाली. पण उंबरठ्यावर उभी राहिली आणि हलली नाही. "पोरगी माह्या घरात राहीन," ती म्हणाली. केळी तशीच सोडून ते गेले.

वडिलांनी आईला 'बिनडोक' म्हणणं मी जन्मापासून ऐकत आले होते. सूत घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यासमोर, जावयासमोर, आम्हा पोरांसमोर. मला ते तिच्या नावासारखंच वाटायचं. त्या दिवशी ते मला नव्याने ऐकू आलं. पुढे कधीतरी कांड्या भरताना मी तिला विचारलं, "तुले वाईट नाही वाटे?" तिने चरख्यावरची कांडी बदलली. मग ती म्हणाली, "पयले पयले वाटे. मंग मले वाटलं, असनच मी बिनडोक." 

बरं व्हायला वेळ लागला. वडील चहा पिताना गप्प बसले तरी आपलं काय चुकलं ते मी आठवू लागायचे. कडी लावली की नाही ते उठून उठून बघायचे. मग मी स्वतःच एक उपाय काढला. संध्याकाळी कात्री मुद्दाम कोनाड्यात ठेवायची आणि सकाळी जाऊन बघायचं. कात्री तिथंच असायची. कुणाला सांगितलं असतं तर पुन्हा वेडी ठरले असते, पण रोज सकाळी ती कात्री हातात घेतली की मला बळ यायचं. दोन पावसाळे गेल्यावर केव्हातरी लक्षात आलं की मी बघायचं विसरून गेलेय, आणि या विसरण्याची मला भीती वाटली नाही.

वडिलांशी भांडून मी मागावर बसले. बायकांनी कांड्या भरायच्या, मागावर बसायचं नाही, असा रिवाज होता. काका म्हणाले, "बसू दे, दोन दिवसांत कंटाळन." मी कंटाळले नाही. दुपारी आजूबाजूच्या बायका येऊन बसायच्या, हळूहळू बोलायच्या. एकीची सासू तांदळाच्या कोठीला कुलूप लावायची आणि हिला भूक लागली तरी मागावं लागायचं. एकीला ताप आला तरी डॉक्टरकडे जायची परवानगी नव्हती. एकीचा नवरा काही करत नसे, फक्त पोरांसमोर तिच्या आईबापाचा उद्धार करायचा. मी त्यांना कधीच 'मारते का' असं विचारलं नाही. विचारायचे, "घरात तुले भेव वाटते का?" या प्रश्नावर बहुतेकजणी खरं बोलू लागायच्या. चिखल्याची शेजारीणही पुढे पोरांना घेऊन आमच्याकडे येऊन राहिली. उन्हाळा काढून परत गेली. तिच्या मोठ्या पोराने पुढे मारायला उठलेल्या बापाचा हात धरला असं कळलं. ती सुटली असं मी म्हणणार नाही.

जातीच्या बैठकीत आमची सोडचिठ्ठी झाली. त्यानंतर एका वर्षी कानावर आलं की त्याचं पुन्हा जमलंय, लाखनीकडची मुलगी आहे. मी मागावरून उठले, भंडाऱ्यावरून बस धरली आणि पत्ता विचारत त्या घरी गेले. आई म्हणाली होती, "आपल्याले काय कराचं?" मी म्हटलं, "मले कराचं हाय."

मुलीचे वडील धानाच्या बांधीवरून नुकतेच आले होते, पायाला चिखल. मी कोण ते सांगताच त्यांचा चेहरा कडक झाला. तरी मी खाटेच्या कडेला बसून सगळं सांगितलं. अबोला, कुलूप, पिना. रडले नाही, आवाज चढवला नाही.

"तुमचा संसार नाही झाला म्हणून जळून राहिल्या का तुमी?" ते म्हणाले.

"जळत असती तं घरी बसून जळली असती, भाऊ. इतक्या दूर नसती आली. तुमी मानू नका माह्यं. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांले जाऊन विचारा, कुलूप कोण लावे. आणि पोरीलेही विचारा."

त्यांनी चहा विचारला नाही. मी निघाले. रस्त्यावर ट्रकमागून ट्रक जात होते. थांब्यावर उभी असताना मागून एक मुलगी धावत आली, पायात चपला नाहीत. दारामागे उभी राहून तिने सगळं ऐकलं होतं.

"बाई," ती धापा टाकत म्हणाली, "मी नाही म्हटलं तं बाबा घरातून हाकलतीन."

"हाकललं तं माह्याकडे येजो." मी तिला गावाचं नाव सांगितलं, घर कुठलं ते सांगितलं. "दोन माग हायेत. एकावर मी बसते."

तिने मान हलवली आणि परत धावली. ते लग्न झालं नाही. तिच्या वडिलांनी चिखल्याला जाऊन चौकशी केली म्हणून, की मुलीनेच नाही म्हटलं म्हणून, मला नक्की कळलं नाही. ती आमच्याकडे कधी आली नाही, म्हणजे तिला तशी वेळ आली नसावी.

त्या दिवशी मात्र मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फार भूक लागली होती. थांब्यावरच्या दुकानात मी एकटीने बाकावर बसून गरम भजी खाल्ली, वरून मिरची मागून घेतली. मग बसमध्ये खिडकीची जागा मिळाली, आणि भंडारा येईपर्यंत मी गाढ झोपले.