काकाची चेन आणि काकीची हिरवी साडी

आमच्या त्रियोले गावातल्या अंगणात किस्से गंजलेल्या नटांसारखे साचतात. कामाचा एकबी नाय, पण फेकवत नाय. मूठभर काढतो, ऐका. सगळे एकाच मिनीबाइकचे हायत आणि एकाच काकाचे.

काका म्हणजे माझ्या बापाचा धाकटा भाऊ. पोर्ट लुईच्या सरकारी ऑफिसात क्लार्क. घरातले बाकीचे उसातले, हा एकटा टायमधला! बो बासें शहरातल्या कुणा साहेबानं आपल्या पोराची जुनी मिनीबाइक ह्याच्या गळ्यात मारली. बाइक एवढीशी! काका बसला की गुडघे कानाला लागायचे. आणि जरा वेग घेतला की चेन खाली. खळ्ळ!

गणपती जवळ आलेले. मूर्ती टेबलावर, रंग अजून ओला. काका म्हणाला, "यंदापासून ती झाकरी बंद करा. ढोलकी काय, घोळका करून नाचणं काय, सगळा गावंढळपणा! बो बासेंला लोक कॅसेट लावतात."

झाकरीत सगळ्यात पुढं आमची काकी असते. ती पुऱ्या लाटत होती. म्हणाली, "देवाला कॅसेट लावाल. आधी चेन जाग्यावर ठेवून दाखवा!"

काका पेटला. "गणपतीच्या दिवशी घरापासून देवळापर्यंत जाऊन दाखवतो. चेन नाय पडली तर झाकरी कायमची बंद!"

"आणि पडली तर?"

"तर तुझी हिरवी साडी नेसून मी नाचेन!"

माझा बाप मूर्तीकडं बोट करून बोलला, "त्याच्यासमोर बोललास हां. आता फिरायचं नाय."

काकी परत पुऱ्या लाटायला लागली. लाटणं आता जोरात!

*

काकाचं पहिलं निदान, चेन कोरडी हाय. "पोरा, तेल आण!"

कुठलं ते सांगितलं नाय. मी आंब्याच्या लोणच्याचं आणलं. वर तरंगतं ना, ते.

काकानं बोटानं चोळून चोळून लावलं. वास घेतला. "इंपोर्टेड वाटतंय!"

मग निघाला. त्रियोलेची सगळी कुत्री मागं! बसस्टॉपपाशी चेन पडली, पण काका उचलायला वाकलाच नाय. कुत्री आधीच चाटत बसलेली.

*

दुसरं निदान, चेन लांब हाय. काकानं छिन्नी घेऊन दोन कड्या तोडल्या. आता चेन पुरेना! मग हातोड्यानं चाक ठोकून ठोकून पुढं घेतलं. चेन अशी ताठ, की बापानं बोट मारून वाजवली. "वा! ढोलकी नको म्हणतोस आणि सतार बनवलीस?"

काका बसला, गॅस दिला. चेननं चाक धरलं. बाइक जागच्या जागी थांबली. काका नाय थांबला!

आमच्या वांग्यांच्या वाफ्यात टाय सापडला, मग चष्मा, मग काका. काकी परसातून ओरडली, "अयो! वांगी तुडवली की!"

काका तोडलेल्या कड्या शोधून परत जोडत बसला.

*

तिसरं निदान माझ्या आईचं. दृष्ट लागली म्हणाली. लिंबू-मिरची बांधली चाकाच्या दांड्याला. काका इंग्रजीत हसला, पण बांधू दिली.

वळणावर लिंबू चेनमध्ये घुसलं. चेन पडली ती पडलीच, आणि मिरचीचा रस लागलेला हात काकानं डोळ्याला लावला. त्या दिवशी काका रस्त्यावर जसा नाचला, तसा झाकरीत कुणी नाय नाचत!

*

आता खोटं कशाला बोलू, शेवटी काकानंच रोग पकडला. ऑफिसातून लांब पट्टी आणली, जमिनीवर आडवा झाला आणि बोंबलला, "मागचं चाक तिरकं! इंजिनाची दातेरी चकती आणि चाकाची चकती एका रेषेत नाय. म्हणून चेन उतरते!"

दोन्ही बाजू मापून सारख्या केल्या, दोन्ही नट आवळले. संध्याकाळभर रस्त्यानं वर-खाली पळवली. चेन जागची हलली नाय!

मग काय, काका फुगून शर्टात मावेना. नवी कॅसेट आणली. ढोलकी खुंटीला लावायला सांगितली. जेवताना पट्टी हातात धरून लेक्चर.

काकीनं भात वाढता वाढता विचारलं, "मग कुठला नट म्हणालात? डावा की उजवा?"

काका केवढा खूश! लग्नापासून पहिल्यांदा बायकोनं त्याचं काहीतरी विचारलं. उठून, हात धुऊन, बाइकपाशी नेऊन समजावलं. "एक जरी ढिला झाला ना, खेळ फिनी, संपला!"

*

काकाला भ्या फक्त माझं. आदल्या दिवशी माझा कान धरून म्हणाला, "हे कार्टं नट ढिला करणार. चेन पडली तर ह्याला देवळात पाय ठेवू देऊ नका!" माझ्या बापानंबी मान हलवली. लोणच्याचं तेल कळलं होतं ना!

मग बाइक कुलपात ठेवली. कुठं? घरातल्या सगळ्यात भरवशाच्या जागी. काकीच्या स्वयंपाकघरात! चावी काकीच्या कमरेला.

*

गणपतीचा दिवस. अख्खी गल्ली मागं, पुढं काका, टाय लावून, गुडघे कानाला. कॅसेट खिशात. चिंचेचं झाड गेलं, वळण गेलं. काका मागं बघून हात हलवायला लागला.

देवळाच्या दारात, अगदी पायरीसमोर... खळ्ळ!

काका उतरला, वाकून चाक बघितलं आणि सरळ माझ्याकडं आला. "हाच तो! ह्यानंच केलं!" बापानं हात उगारला. आत मोदकांचं ताट दिसत होतं मला, आणि मी बाहेरच राहणार!

"पोराला सोडा," काकी बोलली. "मी केला ढिला. डावा. गॅसच्या पान्यानं."

काकाचं तोंड उघडं ते उघडंच. "तू? अगं, पण का?"

काकीनं पिशवीतून हिरवी साडी काढली, झटकली आणि काकाच्या खांद्यावर टाकली.

"परवाच इस्तरी करून ठेवली होती. चला, उभे काय राहिलात? ढोलकी सुरू झाली!"